कमी बोलणाऱ्यांचा धागा: ‘पूण मनीस बरो’

मयेचं_तळं

गेल्या महिन्यात म्हार्दोळला मावसभावाचं लग्न झालं. नवरीकडच्या मंडळींशी ओळख करून देताना मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “हो चड उलयना, पूण मनीस बरो.” म्हणजे हा फार बोलत नाही, पण माणूस चांगला. मामांचा माझ्यावर जीव आहे, बोलले ते मायेनंच. तरी तो ‘पूण’ माझ्याबरोबर डिचोलीपर्यंत घरी आला. माझं कमी बोलणं वाटेत आडवं पडलेलं आहे आणि ते ओलांडल्यावरच माझ्यातला बरेपणा दिसतो, असा त्याचा अर्थ. हा धागा त्या ‘पूण’साठी आहे.

लहानपणापासून मला लागलेली विशेषणं: घुमा, एकलकोंडा, बुजरा, भिडस्त, मुखदुर्बळ, शिष्ट आणि कॉलेजात गेल्यावर माणूसघाणा. एका स्वभावाला आपल्याकडे किती शब्द आहेत बघा, आणि जवळजवळ सगळे दोष दाखवणारे. नीट पाहिलं तर प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. मुखदुर्बळाला बोलायचं असतं पण शब्द फुटत नाही. भिडस्ताला ‘नाही’ म्हणता येत नाही. बुजरा नव्या माणसापुढे बिचकतो, ओळख झाली की खुलतो. माणूसघाण्याला माणसंच नकोशी असतात. मला माणसं हवी असतात. एका वेळी एक-दोन हवी असतात आणि ती गेल्यावर थोडा वेळ कोणी नको असतं, इतकंच. याला ‘अंतर्मुख’ म्हणतात हे मला पंचविशीत कळलं. ‘मितभाषी’ हा चांगला शब्दही आपल्याकडे आहे, पण तो सत्काराच्या भाषणात साठीच्या माणसाला मिळतो. दहा वर्षांच्या पोराला कोणी मितभाषी म्हणताना मी तरी ऐकलं नाही.

मी हॉटेल मॅनेजमेंट केलं. पहिली नोकरी किनारपट्टीवरच्या एका मोठ्या हॉटेलात, फ्रंट ऑफिसला. सीझनमध्ये चार्टर विमानं उतरली की पन्नास-साठ पाहुणे एका दमात लॉबीत यायचे. शिफ्ट संपली की मी थेट घरी जायचो नाही, मयेच्या तळ्यावर अर्धा तास गप्प बसायचो. आईला वाटायचं, पोराला नोकरी आवडत नाही. नोकरी आवडायची. थकवा कामाचा नव्हता, आठ तास सतत कोणाच्या तरी समोर असण्याचा होता. वर्षाच्या शेवटी साहेबांचा शेरा यायचा: ‘काम अचूक. आणखी खुललं पाहिजे.’ तीन वर्षं तोच.

चौथ्या वर्षी नाइट ऑडिटची जागा रिकामी झाली. रात्री अकरा ते सकाळी सात, ही पाळी सहसा कोणी मागून घेत नाही. मी मागून घेतली. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: हॉटेलचा दिवस बारा वाजले म्हणून संपत नाही, तो कोणाला तरी बसून संपवावा लागतो. प्रत्येक खोलीचं भाडं आणि कर पाहुण्याच्या खात्यावर चढवायचे, रेस्टॉरंट, बार, लॉण्ड्रीची बिलं ताडून बघायची, कार्ड मशीनचा हिशेब जुळवायचा, आणि सगळं जुळलं की संगणकातली तारीख पुढे न्यायची. पहाटेच्या विमानाचा एखादा पाहुणा यायचा, त्याच्याशी मी अगदी मोकळा बोलायचो. एकच माणूस समोर असायचा आणि घाई नसायची.

त्या सीझनला रोज सकाळी चेक-आउटच्या वेळी काउंटरवर वाद व्हायचे. पॅकेजवर आलेल्या काही पाहुण्यांच्या बिलात नाश्ता वेगळा लागलेला असायचा. काउंटरवरची मुलं माफी मागायची, रक्कम काढून टाकायची, गोड बोलून पाहुण्याला हसवून पाठवायची. ती मुलं त्यात खरोखर तरबेज होती, मला ते कधी जमलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी तीन आठवड्यांतली अशी काढून टाकलेली बिलं रात्री टेबलावर मांडून बसलो. चौथ्या रात्री दिसलं: ही सगळी माणसं अशी, ज्यांनी आल्यावर खोली बदलून घेतली होती. खोली बदलताना पॅकेजचा कोड संगणकात नव्या खोलीवर जातच नव्हता.

सकाळच्या मीटिंगमध्ये तोंडी सांगायला गेलो असतो तर दुसऱ्या वाक्याला कोणीतरी मध्ये बोललं असतं आणि मी थांबलो असतो, हे मला माहीत होतं. म्हणून एक पान लिहिलं, खाली खोल्यांचे नंबर आणि तारखा दिल्या, आणि घरी जाताना साहेबांच्या टेबलावर ठेवलं. आठवड्याभरात दुरुस्ती झाली. त्या वर्षी ‘आणखी खुललं पाहिजे’ आलं नाही.

आज माझं वय ४१. त्याच क्षेत्रात हिशेबाच्या बाजूला आहे, हाताखाली सहा माणसं आहेत. स्वभाव तोच आहे. तो दुरुस्त करायच्या नादात मी जी वर्षं घालवली त्यांचं मात्र वाईट वाटतं. तुमच्यापैकी कोणाला आपल्या गप्प स्वभावाचा असा प्रत्यक्ष उपयोग झालाय का? मोठी तत्त्वं नकोत, घडलेलं सांगा.

अबोली_फोंडा

एरवी मी फक्त वाचते. आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझं सासर माशेलजवळ, राजांगणाचं जुनं घर. वर्षभर आम्ही सहा माणसं, चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मुंबई, पुणे, बेळगावहून सगळे येतात आणि आकडा चाळिशीला टेकतो. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मी दुसऱ्याच दिवशी डोकं धरून खोलीत पडायचे आणि बाहेर कुजबुज व्हायची, धाकटी सून शिष्ट आहे म्हणून. मला त्या सगळ्यांचा लळा होता. पण स्वयंपाकघरात एकाच वेळी पाच जणी पाच विषयांवर बोलत असल्या की माझ्या कानांना कोणाचं धरावं तेच कळत नसे.

तिसऱ्या वर्षी मी सासऱ्यांना म्हटलं, बाबा, यंदा माटोळी मी बांधते. आमच्याकडे ते पुरुषांचं काम. ते थोडं थांबले आणि म्हणाले, “बांधूंक येता?” येत होतं. माहेरी वडिलांच्या हाताखाली शिकले होते. गणपतीच्या वर टांगायची लाकडी चौकट, तिला कांगलां, माट्टी, घागऱ्यो, आंबाडे, तोरिंगं, सुपारीचं शिपटं, नारळ असं सगळं केवणीच्या दोरानं बांधायचं. जड फळं मधे आणि तोलून, नाहीतर चौकट एका अंगाला झुकते. चवथीच्या आदल्या दिवशी चार तास मी त्या खोलीत असते. अधूनमधून एखादं पोर येतं, ‘काकी, हें कितें?’ विचारतं, मी त्याला फळाचं नाव सांगते, वास घ्यायला देते, ते जातं. संध्याकाळी बाहेर येते तेव्हा मी ताजी असते आणि रात्री जावांबरोबर मनापासून हसते.

एकांत मागितला की माणसं दुखावतात, काम मागितलं की कोणी दुखावत नाही. हे मला कोणी आधी सांगायला हवं होतं.

आणखी एक. लोकांना वाटतं आम्हाला आवाज सोसत नाही. आरतीला घुमट आणि शामेळ वाजायला लागले की घर दणाणतं आणि मला ते फार आवडतं. तो सगळ्यांचा मिळून एक आवाज असतो, तो माझ्याकडे उत्तर मागत नाही.

म्हापशेकर

दोघांचंही मनाला भिडलं. तरी दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका.

मी बावीस वर्षं विमा एजंट आहे. बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनं विकत नाही, हे मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात वडिलांच्या दुकानात बसून शिकलो. दुकानाच्या दारात उभं राहून हाक मारणाऱ्याचा माल दुपारपर्यंत संपायचा. तुम्हाला रात्रपाळी मिळाली, ताईंना माटोळी मिळाली, चांगलं झालं. सगळ्यांना अशी जागा मिळत नाही.

आणि मला खरी काळजी आहे ती पोरांची. माझा पुतण्या २० वर्षांचा. बँकेत फोन कर म्हटलं तर म्हणतो, काका, मी इंट्रोव्हर्ट आहे. गॅसवाल्याला फोन नाही, पाहुण्यांना पाणी नाही, सगळ्याला तेच उत्तर. स्वभावाचा मान राखायला माझी ना नाही. तो मान पोराला घरात कोंडून ठेवू लागला तर काय करायचं?

समुपदेशक_मडगाव

म्हापशेकरांचा प्रश्न बरोबर जागी बोट ठेवतो, म्हणून सविस्तर लिहिते. मी मडगावात समुपदेशन करते.

अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द मानसशास्त्रात रुळले ते कार्ल युंगच्या १९२१ मधल्या मांडणीमुळे. माणसाची ऊर्जा मुख्यतः आतल्या विचारांकडे वळते की बाहेरच्या जगाकडे, असा त्याचा प्रश्न होता. पुढे १९६७ मध्ये हान्स आयझेंकनं त्याला शरीराची बाजू जोडली. त्याचं म्हणणं असं की अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच जास्त जागा असतो, त्यामुळे बाहेरचं थोडं चेतवणंही त्याला पुरतं आणि जास्त झालं की तो थकतो. यावर जिभेवर लिंबाचा रस टाकून लाळ मोजायचेही प्रयोग झाले, त्यांत अंतर्मुखांना लाळ जास्त सुटलेली दिसली. आयझेंकचा सगळा सिद्धांत आज जसाच्या तसा कोणी धरत नाही, पण चेक-आउटची गर्दी संपल्यावर तळ्यावर बसावंसं वाटणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही, एवढं त्यातून नक्की घेता येतं. आणि ही दोन टोकं आहेत. बहुतेक माणसं मधे कुठेतरी असतात.

आता पुतण्याबद्दल. मी माझ्याकडे येणाऱ्यांना एक प्रश्न विचारते: लग्नाला न जाता घरी राहिलात, त्या रात्री कसं वाटलं? हायसं वाटून पुस्तक उघडलं असेल तर तो स्वभाव. जायचं मनात होतं, पण छाती धडधडली, लोक काय म्हणतील म्हणून पाय उचलला नाही आणि रात्रभर स्वतःला बोल लावत राहिलात, तर ती सामाजिक भीती. भीतीवर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. अंतर्मुख माणसाला ही भीती असू शकते, तशीच ती बहिर्मुखालाही असते, आणि त्याचे हाल जास्त होतात, कारण त्याला माणसं हवी असतात. बँकेला फोन करणं थकवणारं वाटतं की भीतीदायक, हे पुतण्याला शांतपणे एकट्याला विचारा. चारचौघांत विचारू नका. भीती असेल तर बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मानसोपचार रुग्णालयात दाखवता येईल, किंवा टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, दिवसरात्र चालू, फुकट. भीती नसेल तर फोन त्यालाच करू द्या, फक्त काय बोलायचं ते आधी कागदावर लिहू द्या. माझ्या अनुभवात निम्मं ओझं तिथेच उतरतं.

विक्रीबद्दल: अॅडम ग्रँट या मानसशास्त्रज्ञानं २०१३ मध्ये एका कॉल सेंटरमधल्या ३४० विक्रेत्यांची पाहणी प्रसिद्ध केली. सगळ्यात जास्त कमाई सगळ्यात बोलक्यांची निघाली नाही, मधल्या लोकांची निघाली. ते बोलायचेही आणि ऐकायचेही.

म्हापशेकर

आभारी आहे. रविवारी पुतण्याला एकट्याला घेऊन बोलतो.

तुमचं ऐकण्याबद्दलचं वाचून एक आठवलं. माझ्या सगळ्यात मोठ्या पॉलिसी ज्या घरांत झाल्या, तिथे मी पहिला तासभर काही विकलंच नव्हतं. एका घरात आजी नवऱ्याच्या आजारपणाबद्दल सांगत होत्या आणि मी चहा थंड करत बसलो होतो. तरी हाक मारायला यावंच लागतं, हे मी सोडत नाही.

कुडचडेचा_२२

मला मदत हवी आहे. इंजिनिअरिंग यंदा संपलं. दोन कंपन्यांत ग्रुप डिस्कशनला बाद झालो. विषय येत होता, पण आठ जण एकदम बोलतात, मी फट शोधतो तोवर वेळ संपते. पुढच्या महिन्यात आणखी एक आहे. स्वभाव बदलायला एक महिना आहे असं समजून काय करू?

मास्तर_पेडणे

बाळा, महिन्यात स्वभाव बदलत नाही आणि बदलायचं कारणही नाही. पण त्या आठ जणांच्या खोलीबद्दल तुला एक गोष्ट ठाऊक हवी.

एकत्र बसून भराभर कल्पना मांडायच्या, ही पद्धत अमेरिकेतल्या जाहिरात धंद्यातून आली. १९५८ मध्ये येल विद्यापीठात तिची परीक्षा घेतली गेली. चार जण एकत्र बसवले, आणि दुसरीकडे चार जण वेगवेगळे बसवून त्यांचं लिहिलेलं नंतर एकत्र केलं. वेगळे बसलेल्यांकडून कल्पना बऱ्याच जास्त निघाल्या. १९८७ मध्ये जर्मनीत डील आणि श्ट्रोबे यांनी कारण शोधलं: एक जण बोलत असताना बाकीच्यांचं डोकं अडकून राहतं, सुचलेलं धरून ठेवण्यात नवीन सुचत नाही. म्हणजे तू ‘फट शोधतो’ म्हणतोस ते त्या खोलीच्या रचनेतच आहे.

हे मी वाचलं ते उशिरा, नोकरीला चौदा वर्षं झाल्यावर. त्याआधी मी ‘वर्गात सहभाग कमी’ हा शेरा किती प्रगतिपुस्तकांवर मारला असेल, मोजवत नाही. आता प्रश्न विचारला की पाच मिनिटं सगळ्यांनी वहीत लिहायचं, मग शेजारच्याला दाखवायचं, मग हात वर. पहिल्या आठवड्यातच मागच्या बाकावरची एक मुलगी, जिचा आवाज मी जूनपासून ऐकला नव्हता, उभी राहिली आणि वहीतलं वाचून दाखवलं. सगळा वर्ग वळून बघत होता.

आपल्या गोव्याचं एक वेगळं दुखणं यात मिसळलेलं आहे, ते पालकांनी ध्यानात घ्यावं. आपली पुष्कळ मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीला एकदम इंग्रजी माध्यमात जातात. चौथीत पटापटा उत्तरं देणारं पोर पाचवीत गप्प होतं. घरचे म्हणतात, एकाएकी घुमा झाला. तो घुमा झालेला नसतो, त्याच्या तोंडातले शब्द काढून घेतलेले असतात. त्याला स्वभाव समजून सोडून देऊ नका. घरी तोच धडा त्याला मराठीत किंवा कोंकणीत सांगायला लावा. बोलू लागला तर भाषेचा प्रश्न आहे. तिथेही कमीच पण नेमकं बोलला तर तो स्वभाव, आणि त्याला तसाच राहू द्या.

मयेचं_तळं

मास्तर, तो ‘सहभाग कमी’ माझ्याही पुस्तकात आहे. तुम्ही लिहिलंत ते वाचून बरं वाटलं.

कुडचडेच्या भावा, गेली काही वर्षं मी मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला बसतो, म्हणून त्या बाजूनं सांगतो. पहिलं बोलणाऱ्याला आम्ही जादा गुण देत नाही. आम्ही बघतो कोण दुसऱ्याचं ऐकून पुढे जातो. तुझ्याकडे कागद असेल. त्यावर नावं किंवा बसायच्या क्रमानं आकडे लिही आणि कोण काय बोललं ते दोन-दोन शब्दांत टिपत जा. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला चर्चा हमखास गोल फिरायला लागते. तेव्हा तू म्हण, “आतापर्यंत दोन मुद्दे आलेत, एक असा, एक असा. तिसरा राहिलाय.” हे सांगायला आवाज चढवावा लागत नाही, कारण प्रत्येकाला आपला मुद्दा पुन्हा ऐकायचा असतो, ते आपोआप थांबतात. एवढं एकदा नीट केलंस तरी आमच्या कागदावर तुझं नाव येतं.

खोलीत आधी जाऊन बस. रिकामी खोली पाहिलेली असली की भरलेली खोली कमी अंगावर येते. आणि एकट्याच्या मुलाखतीत प्रश्नाचं उत्तर लगेच नसेल तर ‘अर्धा मिनिट विचार करून सांगतो’ असं स्पष्ट म्हण. मी अशा मुलांना घेतलंय. आदल्या संध्याकाळी मित्रांबरोबर तयारीला बसू नकोस, लवकर जेवून झोप.

जात्रेतला_नट

धाग्यातून एक समज निघतोय तो दुरुस्त करावासा वाटतो, की अंतर्मुख म्हणजे लोकांपुढे उभं राहता येत नाही. मी आमच्या गावच्या जत्रेत एकोणीस वर्षं नाटकात काम करतोय. ऐतिहासिक नाटकात दोन-दोन पानांची स्वगतं म्हटली आहेत, पहाटे तीनला, समोर अख्खा गाव. घाम फुटतो, पण मजाही येते. मला जड जातं ते नाटक संपल्यावर मांडवामागे सगळे गप्पा मारत बसतात ते. रंगमंचावर मला ठाऊक असतं कोणत्या वाक्यानंतर काय बोलायचं, आणि समोरचा मधे तोडत नाही. तालमीचे दोन महिने मी एकटाच कुळागरात, म्हणजे आमच्या पोफळीच्या बागेत, फिरत संवाद घोळवतो. पाठांतरात माझा हात कोणी धरत नाही, तो या स्वभावाचाच फायदा.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा माणूस. त्याची दंतकथा आपण सगळे लहानपणी ऐकतो: लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिला आणि जीभ टाळ्याला चिकटली. तेव्हा खालून वडील कोंकणीत पुटपुटले, ही सगळी भाजी आहे, “कातर रे भाजी!” आणि तो घडाघडा बोलू लागला. पुढे १८१३ मध्ये त्यानं पॅरिसमध्ये संमोहनाचे जाहीर प्रयोग सुरू केले, ही मात्र दंतकथा नव्हे, इतिहास आहे.

ही गोष्ट आपल्याकडे गप्प पोरांना ‘बघ, भिऊ नको’ म्हणून सांगतात. मला त्यात वेगळंच दिसतं. वडिलांनी ‘खुलून बोल’ असं म्हटलं नाही. त्यांनी त्याला हाताला एक काम दिलं, रोजच्या ओळखीचं, आणि तेही घरच्या भाषेत. अबोलीताईंची माटोळी वाचताना मला तेच आठवलं.

अबोली_फोंडा

किती छान सांगितलंत. ही गोष्ट मी आता मुलीला अशीच सांगेन.

चोडणकार

थोडं विषयांतर. डिचोलीकरांनी मयेचं तळं सांगितलं, मी माझ्या जागा सांगतो, कोणाला उपयोग होईल. रायबंदरहून चोडणची फेरीबोट. पाण्यावरची ती थोडी मिनिटं कोणी कोणाशी बोलायची अपेक्षा नसते, सगळे नदीकडे बघतात. पलीकडे सलीम अली पक्षी अभयारण्य, खारफुटीतली वाट. पक्षी बघणाऱ्यांत गप्प राहणं हीच शिस्त आहे, मी तिथे पहिल्यांदा अशा माणसांत गेलो जिथे गप्प असण्याबद्दल कोणी विचारलं नाही. आणि पणजी शहरात, पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय. १८३२ सालची संस्था. तिथल्या वाचनकक्षात माणसांच्या सोबतीनं एकटं बसता येतं. माझ्यासारख्या भाड्याच्या एका खोलीत चौघं राहणाऱ्याला याची किंमत कळते.

वाळपईची_आई

सगळं दोनदा वाचलं. माझा मुलगा आठ वर्षांचा. घरी आमच्याशी अखंड बोलतो, पाहुणे आले की माझ्या मागे उभा राहतो. येत्या रविवारी नणंदेच्या मुलाचा वाढदिवस आहे, पंचवीस-तीस मुलं. मागच्या वर्षी तो दारातूनच परत फिरला आणि सगळ्यांसमोर त्याला ‘भियेकूर’ (भित्रा) म्हटलं गेलं, त्यानंतर आठवडाभर तो त्याबद्दल बोलला नाही. नेऊ की नको?

समुपदेशक_मडगाव

न्या, पण तयारीनं.

हार्वर्डच्या जेरोम केगननं चार महिन्यांच्या बाळांपुढे नवीन आवाज, वास, हलणारी खेळणी आणून पाहिलं होतं. साधारण पाचातलं एक बाळ जोरानं हातपाय झाडायचं, रडायचं. ही बाळं मोठी होताना त्यांतली बरीच सावध, आधी बघून मग पाऊल टाकणारी निघाली. म्हणजे तुमचं काही चुकलं म्हणून मुलगा असा झाला, असं नाही. त्यानं सुरुवातच तिथून केली असण्याची शक्यता आहे.

रविवारी सगळ्यांच्या आधी अर्धा तास पोचा. भरलेल्या घरात शिरणं आणि घर आपल्या डोळ्यांसमोर भरत जाणं यात त्याच्यासाठी फार फरक आहे. कोण कोण येणार ते आधी सांगा. कंटाळा आला तर कुठे जाऊन बसायचं ती जागा दोघांनी मिळून ठरवा, आणि तो गेला तर मागून हाक मारू नका. त्याच्यासमोर कोणी त्याच्याबद्दल बोललं तर उत्तर तुम्ही द्या, कारण तुमचं ते वाक्य तोही ऐकणार आहे. काय म्हणायचं ते आजच ठरवून ठेवा.

कुडचडेचा_२२

मास्तर, दादा, दोघांचेही आभार. कागदावर टिपायचा सराव घरी बातम्यांवरची चर्चा लावून करतोय.

वाळपईची_आई

रविवारच्या वाढदिवसाला काय झालं ते सांगते.

चार वाजता पोचलो, फुगे अजून फुगवायचे होते. त्याला ते काम मिळालं. पहिली दोन-तीन मुलं आली ती त्याच्याकडेच, फुगे मागायला. केक कापताना तो सगळ्यांच्या मागे होता, पण होता. मग गाणी मोठ्यानं लागली आणि तो ठरल्याप्रमाणे बाहेर आजोबांजवळ बल्कावावर, दारापुढच्या ओट्यावर, जाऊन बसला. मी हाक मारली नाही, जीव वर-खाली होत होता तरी.

नणंद ताट घेऊन बाहेर आली आणि त्याच्यासमोरच मला म्हणाली, “हो उलयना कित्याक गो?” (हा बोलत का नाही गं?) मी दोन दिवस घोकून ठेवलेलं म्हटलं, “उलयता. मात्सो वेळ राव.” (बोलतो. थोडा वेळ थांब.)

तिला वाटलं मी रागावले. पण ती थांबली. ताट मांडीवर घेऊन आमच्याजवळ बसली, काही विचारलं नाही. दहा-पंधरा मिनिटांनी तो तिला आमच्या कुळागरातल्या शेकरूच्या घरट्यांबद्दल सांगायला लागला, एक कुठे आहे, दुसरं कुठे, पिल्लं कुठल्या घरट्यात ठेवतो. आतून तिला दोनदा हाक आली. ती उठली नाही.